ग्रबची कॉन्फिग फाइल हाताने लिहायची? गोव्यातल्या जुन्या लॅपटॉपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव सगळीकडून तेच तेच विचारणं चालू आहे, की जुन्या लॅपटॉपवर लिनक्स तर टाकलं पण तो सुरुवातीचा काळा मेनू (तो दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब, लिनक्सचा बूट लोडर) आपल्याला हवा तसा कसा करायचा. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. कमांडची नावं वाचायला सोपी म्हणून देवनागरीत दिलीत, फाइलीत आणि प्रॉम्प्टवर (ग्रबच्या कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर) मात्र रोमन अक्षरांत आणि आकड्यांतच टाइप करायचं आणि तेही स्मॉलमध्ये, ग्रबला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं दिसतं. अपवाद 'रूट=यूयूआयडी=' मधला यूयूआयडी हा शब्द, तो कॅपिटलमध्येच लागतो.

बूट लोडर नक्की करतो काय?

फार थोडं करतो, आणि हे आधी डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं (जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय), ते बूट लोडरला उठवतं, बूट लोडर डिस्कवरून कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) अशा दोन फाइली मेमरीत आणतो, कर्नलच्या हातात एक ओळ देतो आणि बाजूला होतो. म्हापशाच्या स्टँडवर 'पणजी पणजी' ओरडत तुम्हाला बरोबर बसमध्ये चढवून देणारा माणूस असतो ना, तसा, बस काही तो चालवत नाही. त्यामुळे मेनू दिसला, कर्नल सुरू झाला, स्क्रीनवर ओळी पळाल्या आणि मग काहीतरी अडलं, तर दोष बहुतेक वेळा ग्रबचा नसतो. अपवाद एकच, ती हातात दिलेली ओळ चुकली असेल तर.

अपडेट-ग्रब मारलं की फाइल आपोआप बनते, मग हाताने कशाला?

बरोबर आहे, आणि ज्यांचं नीट चाललंय त्यांनी हात लावू नये. पण आपोआप बनलेली फाइल उघडून बघा, शंभर-दोनशे ओळी सहज असतात, त्यात फॉन्ट, थीम, जर, नाहीतर, सगळं भरलेलं, आणि बिघडलं की कुठली ओळ बघायची तेच कळत नाही. एका लॅपटॉपवर एकच लिनक्स आणि फार तर बाजूला विंडोज असेल तर आठ-दहा ओळींत काम होतं आणि त्या दहाच्या दहा ओळी तुम्हाला कळतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रबची फाइल म्हणजे ग्रबच्या प्रॉम्प्टवर तुम्ही ज्या कमांड टाइप केल्या असत्या त्याच, एकाखाली एक. म्हणून आधी प्रॉम्प्टवर मशीन बूट करून दाखवायचं आणि मगच तेच फाइलीत लिहायचं. बाकी सगळे प्रश्न याच्याच आजूबाजूचे आहेत.

लिहायचं कुठल्या फाइलीत?

मुख्य फाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी. फेडोराकडे (लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो, जसे डेबियन, उबुंटू, मिंट) फोल्डरचं नाव ग्रब२ असतं, आणि फेडोरा ३० पासून तिथे मेनूतल्या नोंदी /बूट/लोडर/एन्ट्रीज मध्ये वेगवेगळ्या छोट्या फाइलीत असतात, त्यामुळे फेडोरावाल्यांनी खालचं डोळे झाकून उतरवू नये.

डेबियन, उबुंटू, मिंट वाल्यांसाठी: मुख्य फाइलीच्या डोक्यावरच 'ही फाइल एडिट करू नका' असं इंग्लिशमध्ये लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे, कारण पुढचं कर्नल अपडेट आलं की ती नव्याने बनते आणि तुमचं लिखाण साफ. म्हणून दोन जागा चांगल्या. एक, /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम, तिच्यात शेवटी तुमच्या ओळी लिहायच्या (वरच्या दोन ओळी सोडून, त्या पुसल्या तर तुमच्या ओळी मेनूत येणारच नाहीत आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल) आणि अपडेट-ग्रब मारायचं. दोन, आणि मला हीच आवडते, /बूट/ग्रब/कस्टम.सीएफजी नावाची फाइल स्वतः बनवायची, ती असली तर मुख्य फाइल तिला आपणहून वाचते, अपडेट-ग्रब मारायचीसुद्धा गरज नाही आणि तिच्यावर दुसरं कोणी लिहीत नाही.

माझ्याकडे दोन-दोन ग्रब.सीएफजी सापडतात, खरी कुठली?

यूईएफआय मशीन असणार. /बूट/ईएफआय/ईएफआय/डेबियन (किंवा उबुंटू) मध्ये जी आहे ती तीन ओळींची आहे, बघा उघडून: अमुक यूयूआयडीचं (यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांक) पार्टिशन शोध, प्रीफिक्स (ग्रबच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता) तिथल्या /बूट/ग्रबला लाव, आणि तिथली मोठी फाइल वाच. म्हणजे ती फक्त पत्ता सांगते. तिला हात लावायचा नाही. हाताने लिहिलेली कॉन्फिग कशी असावी त्याचा नमुना म्हणून मात्र ती मस्त आहे.

सुरू करण्याआधी काय काय हाताशी हवं?

लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालू होतं), चालतो की नाही ते आधीच बूट करून बघितलेला. त्याशिवाय या कामाला बसायचंच नाही.

मग लिनक्स चालू असताना टर्मिनलवर एलएसबीएलके -एफ मारा. प्रत्येक पार्टिशन, त्याची फाइलसिस्टिम आणि यूयूआयडी दिसेल. लिनक्स ज्यावर आहे त्याचा यूयूआयडी कागदावर उतरवा, हो कागदावरच, कारण नंतर काळ्या स्क्रीनसमोर कॉपी-पेस्ट नसते. मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल. यूयूआयडीऐवजी /डेव्ह/एसडीए२ असं लिहिता येतं, चालतंही, पण दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला की एसडीएचं एसडीबी होऊ शकतं आणि मग सकाळी मशीन उठत नाही.

त्यानंतर /बूट मध्ये एलएस मारून कर्नलचं आणि इनिटआरडीचं पूर्ण नाव बघा. दोघांचा व्हर्जन नंबर तोच असायला हवा.

प्रॉम्प्टवर आधी करून कसं बघायचं?

मशीन रीस्टार्ट करा, ग्रबचा मेनू दिसला की सी दाबा. (मेनू दिसतच नसेल तर यूईएफआयवाल्यांनी एस्केप एकदाच दाबून बघा, बायोसवाल्यांनी शिफ्ट धरून ठेवा.) काळ्या स्क्रीनवर 'ग्रब>' येईल. पहिलं टाइप करायचं ते

सेट पेजर=१

म्हणजे लांब आउटपुट पानापानाने थांबेल. मग नुसतं एलएस. उत्तर असं काहीतरी येतं:

(एचडी०) (एचडी०,जीपीटी३) (एचडी०,जीपीटी२) (एचडी०,जीपीटी१)

डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून. जीपीटी म्हणजे पार्टिशन मांडायची नवी पद्धत, जुन्या पद्धतीत तिथे एमएसडॉस दिसतं. पेनड्राइव्ह लावलेला असेल, त्यातून त्याच्यावरून बूट केलं असेल, तर बहुतेक वेळा तोच एचडी० होऊन बसतो आणि तुमची डिस्क एचडी१ वर सरकते, तेव्हा घाबरू नका. आता एकेक उघडून बघायचं:

एलएस (एचडी०,जीपीटी२)/

शेवटचा स्लॅश विसरलात तर आतल्या फाइली दिसत नाहीत, फक्त पार्टिशनची माहिती येते, फाइलसिस्टिम कुठली, यूयूआयडी काय, आणि तेही उपयोगाचंच आहे. जिथे बूट, ईटीसी, होम, यूएसआर दिसेल ते तुमचं लिनक्स. मग चार ओळी:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ-… रूट=यूयूआयडी=… आरओ
इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी-…
बूट

फाइलीचं नाव पूर्ण टाइप करत बसू नका, '/बूट/व्हीएम' पर्यंत आलात की टॅब दाबा, ग्रब स्वतः पुढचं भरतो किंवा काय काय शक्य आहे ते दाखवतो. टॅब दाबल्यावर काहीच आलं नाही तर तिथेच समजायचं की पार्टिशन चुकलंय. फाइल वापरण्यापेक्षा प्रॉम्प्ट चांगला तो याचसाठी, चूक कुठल्या ओळीत आहे ते त्याच ओळीला कळतं. 'बूट' मारलं आणि लॉगिनपर्यंत पोचलात की तुमची कॉन्फिग तयार आहे, फक्त कागदावर आहे.

बरं, आता फाइल दाखवा.

ही घ्या:

सेट टाइमआउट=३
सेट डिफॉल्ट=०

मेनूएन्ट्री 'डेबियन' {
    इन्समॉड पार्ट_जीपीटी
    इन्समॉड एक्सट२
    सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट तुमचा-यूयूआयडी
    लिनक्स /व्हीएमलिनझ रूट=यूयूआयडी=तुमचा-यूयूआयडी आरओ क्वाएट
    इनिटआरडी /इनिटआरडी.आयएमजी
}

वरच्या दोन ओळी उघड आहेत, तीन सेकंद थांब आणि पहिली नोंद उचल, नोंदी शून्यापासून मोजतात. पण कस्टम.सीएफजीत लिहीत असाल तर या दोन ओळी गाळा, त्या मुख्य फाइलीत आधीच आहेत, आणि तुमची नोंद मेनूत सगळ्यात खाली येते, त्यामुळे तिथे शून्य म्हणजे तुमची नव्हेच.

इन्समॉड म्हणजे मॉड्यूल चढवणं. एक्सट२ नावाचंच मॉड्यूल एक्सट३ आणि एक्सट४ पण वाचतं, एक्सट४ नावाचं शोधत बसू नका. पुष्कळ वेळा या दोन ओळींशिवायही चालतं, मी ठेवतो, नुकसान काही नाही. जुन्या पद्धतीची पार्टिशन असतील तर पार्ट_जीपीटीच्या जागी पार्ट_एमएसडॉस.

आता खरी गोम. या फाइलीत दोन रूट आहेत आणि निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं. सर्चच्या ओळीतला रूट ग्रबचा, म्हणजे 'कर्नलची फाइल कुठल्या पार्टिशनवर शोधू'. लिनक्सच्या ओळीतला 'रूट=' कर्नलचा, म्हणजे 'चालू झाल्यावर / म्हणून काय लावू'. ग्रबला दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही, तो ते जसंच्या तसं पुढे ढकलतो. पहिला चुकला तर ग्रबच ओरडतो, फाइल सापडली नाही म्हणून. दुसरा चुकला तर ग्रब खुशीत निघून जातो आणि मग थोड्या वेळाने इनिटरॅमएफएसचा (इनिटआरडीतल्या तात्पुरत्या सिस्टिमचा) प्रॉम्प्ट येऊन बसतो. म्हणजे एरर कधी आली यावरून कुठला रूट चुकला ते कळतं.

आरओ म्हणजे सुरुवातीला डिस्क फक्त वाचायला लाव, तपासणी झाली की सिस्टिम स्वतः लिहिण्याची परवानगी देते. क्वाएट सुरुवातीला काढूनच ठेवा हो, एरर दिसायला हव्यात.

फाइल बरोबर दिसते तरी 'सिंटॅक्स एरर' येतो.

मेनूएन्ट्रीच्या नावानंतर महिरपी कंसाआधी एक स्पेस लागते. 'सेट टाइमआउट=३' मध्ये बरोबरच्या चिन्हाच्या बाजूला स्पेस चालत नाही. पण सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेली अवतरणचिन्हं, ती वाकडी होऊन येतात आणि ग्रबला सरळ लागतात. नॅनो एडिटरमध्ये ती पुसून हाताने परत टाइप करा. मग ग्रब-स्क्रिप्ट-चेक आणि पुढे फाइलीचं नाव, असं टर्मिनलवर मारा, गप्प राहिलं म्हणजे व्याकरण बरोबर. यूयूआयडी खरा आहे का, फाइल तिथे आहे का, यातलं ते काहीही तपासत नाही बरं का.

ते तपासायला अजून एक युक्ती. नवीन फाइल ट्रायल.सीएफजी अशा वेगळ्याच नावाने /बूट/ग्रब मध्ये ठेवा, रीस्टार्ट करून सी दाबा आणि

कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ट्रायल.सीएफजी

असं मारा. तुमचा मेनू उघडेल. बिघडलं तर एस्केप किंवा सरळ रीस्टार्ट, जुनी फाइल जागच्या जागी आहे.

कर्नल अपडेट झालं की माझी फाइल जुन्या कर्नललाच धरून बसते.

बसणारच, तुम्ही नंबर लिहिलाय ना. म्हणून वरच्या उदाहरणात नंबर नाही. डेबियन / मध्ये व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी.आयएमजी नावाच्या लिंक ठेवतं, अपडेट झालं की त्या नव्या कर्नलकडे वळतात. अलीकडच्या उबुंटूत त्याच लिंक /बूट मध्ये असतात. आधीच्या कर्नलसाठी नावाच्या शेवटी .ओल्ड लावलेल्या लिंक असतात, त्यांची दुसरी मेनूएन्ट्री बनवून ठेवा, नव्या कर्नलवर वायफाय गेलं वगैरे झालं की तीच उपयोगी पडते. नंबर लिहिणार असाल आणि जुना कर्नल ऑटोरिमूव्हने (नको असलेली पॅकेजं काढणाऱ्या कमांडने) उडवला तर मात्र फाइल हवेत.

'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' आलं आणि सगळं थांबलं.

इनिटआरडीची ओळ राहिली, किंवा भलत्याच कर्नलचं इनिटआरडी दिलं. डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. मेनूवर ई दाबून ओळ तिथल्या तिथे सुधारा आणि एफ१० किंवा कंट्रोल-एक्स मारा. ही दुरुस्ती त्या एका बूटपुरती, फाइलीत नंतर करायची.

/बूट वेगळ्या पार्टिशनवर आहे, मग?

मग ग्रबच्या दृष्टीने त्या पार्टिशनचं तोंड म्हणजेच /, त्यामुळे रस्ता '/बूट/व्हीएमलिनझ-…' नाही तर नुसता '/व्हीएमलिनझ-…'. सर्चमध्ये /बूटचा यूयूआयडी, कर्नलच्या 'रूट=' मध्ये मुख्य पार्टिशनचा. डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलंत तर बहुधा हीच मांडणी मिळते. डेबियनच्या / मधल्या लिंक इथे उपयोगाच्या नाहीत.

पावसात करंट सारखा जातो-येतो, दुकानातलं बिलिंगचं मशीन नंतर मेनूवरच अडकून राहतं.

हा प्रश्न जूनपासून चवथीपर्यंत हमखास येतो. उबुंटूच्या आपोआप बनलेल्या फाइलीत रेकॉर्डफेल नावाचा प्रकार आहे: बूट सुरू झालं की ग्रब एक खूण करून ठेवतो, बूट पूर्ण झालं की ती खूण पुसली जाते. करंट आला, मशीन उठायला लागलं आणि अर्ध्यात परत करंट गेला (आपल्याकडे होतं तसं, दोन मिनिटांत तीनदा), की खूण तशीच राहते. पुढच्या वेळी ग्रब म्हणतो गेल्या वेळी काहीतरी बिनसलं होतं, मेनू दाखवून ३० सेकंद थांबतो, जुन्या व्हर्जनमध्ये तर कोणी एंटर दाबेपर्यंत थांबूनच राहायचा. मॉनिटर नसलेलं मशीन असेल तर वाटतं मेलं.

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=३ लिहून (हे मात्र सगळं कॅपिटलमध्ये) अपडेट-ग्रब मारलं तरी भागतं. पूर्ण फाइल हाताने लिहिलीत तर ही भानगडच नाही, तुम्ही लिहिलं नाही ते ग्रब करत नाही. अशा मशीनला आणखी दोन गोष्टी मी घालतो. 'सेट फॉलबॅक=१', म्हणजे पहिल्या नोंदीचा कर्नल वाचताच आला नाही तर दुसरी नोंद घे. आणि कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०', म्हणजे कर्नलने हात टेकले तर दहा सेकंदांनी स्वतःच रीस्टार्ट हो. या दोन वेगळ्या अडचणी आहेत, कर्नल सुरू होऊन नंतर कोसळला तर फॉलबॅक काही करू शकत नाही.

आणि टाइमआउट=० नको हो, तीन सेकंदांनी कोणाचं दुकान बुडत नाही, पण मेनू गाठायला मिळाला नाही की माणूस घेऊन यावा लागतो. उणे एक लिहिलं तर कायमचा थांबतो, ते तर दुकानात अजिबात नको. बाकी फाइल सेव्ह केल्यावर सिंक कमांड (मेमरीतलं लगेच डिस्कवर लिहिणारी) मारायची सवय लावून घ्या, आणि यूपीएस घ्या, कॉन्फिगने वीज येत नाही.

विंडोजची नोंद कशी टाकायची?

यूईएफआयवर ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी सर्चला द्यायचा (तो छोटा असतो, चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं) आणि खाली चेनलोडर, म्हणजे दुसऱ्या बूट लोडरच्या हाती सोपवणारी कमांड

चेनलोडर /ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय

बायोसवर विंडोजचं पार्टिशन रूट करून 'चेनलोडर +१'. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं आणि ग्रब बायोस पद्धतीने, अशी खिचडी असेल तर कॉन्फिगमध्ये कितीही डोकं आपटा, चालणार नाही, दोन्ही एकाच पद्धतीवर आणावे लागतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा, नाहीतर लिनक्समधून विंडोजची पार्टिशन लिहिता येत नाहीत.

सिक्युअर बूट चालू ठेवून हाताने लिहिलेली फाइल चालते का?

सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेला प्रोग्राम सुरूच होऊ न देणारी फर्मवेअरची सोय. चालते, सही ग्रबच्या प्रोग्रामवर आणि कर्नलवर असते, डेबियन-उबुंटूत कॉन्फिग फाइलीवर नसते. फक्त बाहेरची मॉड्यूल इन्समॉडने चढत नाहीत, सही केलेल्या ग्रबच्या पोटात आहेत तेवढीच. आणि स्वतः कंपाइल केलेला, सही नसलेला कर्नल अडवला जातो.

कॉन्फिगवर सही नाही याचा फायदा घेणारं भोक जुलै २०२० मध्ये उघड झालं होतं, बूटहोल म्हणतात त्याला. ग्रब.सीएफजी वाचणाऱ्या कोडमध्येच बफर ओव्हरफ्लो होता, म्हणजे मुद्दाम रचलेली कॉन्फिग फाइल ठेवून सिक्युअर बूटला वळसा घालता यायचा. तात्पर्य काय तर ग्रब जुना ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने जुन्या शिमवाली (शिम म्हणजे ग्रबच्या आधी चालणारा सही केलेला छोटा प्रोग्राम) बरीच ड्युअल बूट मशीनं 'एसबीएटी' नावाची एरर देऊन अडवली होती, तेव्हा लोक बिचारे कॉन्फिग तपासत बसले होते, तिथपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती.

'ग्रब रेस्क्यू>' आलं, कुठलीच कमांड चालत नाही!

चालतात, पण चारच: एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड. ग्रबला स्वतःचा फोल्डर सापडत नाहीये एवढाच अर्थ. बहुतेक कोणीतरी पार्टिशन उडवलंय नाहीतर सरकवलंय. वर सांगितलं तसं एलएसने एकेक पार्टिशन बघा, 'अननोन फाइलसिस्टिम' आलं तर पुढचं. सापडलं की:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस१)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस१)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

इथे टॅब चालत नाही, नीट टाइप करा. आत शिरलात की बायोस मशीनवर ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए (डिस्कचं नाव, पार्टिशनचा नंबर न लावता) आणि मग अपडेट-ग्रब. हे केलं नाही तर उद्या परत तेच. बायोसच्या काळात पहिल्या सेक्टरच्या ५१२ बाइटपैकी कोडला ४४६ च मिळतात, ६४ पार्टिशन टेबलला आणि शेवटच्या २ सहीच्या, म्हणून ग्रबचा पुढचा तुकडा दुसरीकडे ठेवावा लागतो आणि पार्टिशन हलली की हा घोटाळा होतो.

जुन्या पुस्तकात मेन्यू.एलएसटी फाइल सांगितलीय, ती माझ्याकडे नाही.

ती जुन्या ग्रबची, ज्याला आता ग्रब लेगसी म्हणतात. तिच्यात 'टायटल', 'कर्नल' असं लिहायचे आणि पार्टिशनसुद्धा शून्यापासून मोजायचे, तेव्हाचं (एचडी०,०) म्हणजे आत्ताचं (एचडी०,१). तिथलं काही उतरवू नका. लिलो नावाच्या दुसऱ्या जुन्या बूट लोडरचं प्रकरण असेल तर ते पानच उलटा, त्याचं काम २०१५ मध्ये थांबलं.

ग्रबपेक्षा सोपं काही आहे का?

यूईएफआय असेल तर आहे, सिस्टिमडी-बूट. आधी गमीबूट म्हणून होतं, २०१५ मध्ये सिस्टिमडीत गेलं. त्याच्यात स्क्रिप्ट नाही, कंस नाही, लोडर/एन्ट्रीज फोल्डरमध्ये प्रत्येक नोंदीची एक फाइल आणि तिच्यात चार ओळी: टायटल, लिनक्स, इनिटआरडी, ऑप्शन्स. लोडर.कॉन्फ मध्ये डिफॉल्ट आणि टाइमआउट. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हाताने लिहायला शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. अडचण अशी की कर्नल ईएफआय पार्टिशनवरच (किंवा त्याच डिस्कवरच्या खास बूट पार्टिशनवर) ठेवावा लागतो, आणि विंडोजवाल्या लॅपटॉपवर ते पार्टिशन १०० एमबीचंच असतं अनेकदा, दोन कर्नल मावत नाहीत. म्हणून मग परत ग्रब.

मेनूत नोंदीचं नाव मराठीत देता येईल का?

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, ग्राफिक टर्मिनल चालू केलं आणि युनिकोडचा फॉन्ट चढवला तर अक्षरं येतात, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं धड बसत नाहीत, 'विंडोज' वाचवत नाही. हौस म्हणून करून बघा, दुकानातल्या मशीनवर नको.

हार्डडिस्कवरच्या आयएसओवरून (लिनक्सच्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइलीवरून) थेट बूट होतं का, पेनड्राइव्ह न करता?

होतं. उबुंटूचं उदाहरण: 'लूपबॅक लूप /आयएसओ/उबुंटू.आयएसओ', मग 'लिनक्स (लूप)/कॅस्पर/व्हीएमलिनझ बूट=कॅस्पर आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=/आयएसओ/उबुंटू.आयएसओ', मग 'इनिटआरडी (लूप)/कॅस्पर/इनिटआरडी'. दुसऱ्या डिस्ट्रोंचे रस्ते वेगळे, आयएसओ उघडून त्याच्याच आतली ग्रब.सीएफजी बघा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. कस्टम.सीएफजीत अशी एक नोंद ठेवली तर पेनड्राइव्ह घरात सापडला नाही तरी चालतं, डिस्कच गेली तर मात्र नाही.

पोरं मेनूवर ई दाबून काहीतरी करतात, पासवर्ड लावता येतो का?

येतो. टर्मिनलवर ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२ मारा, पासवर्ड विचारून एक लांबलचक ओळ देईल. ती ४०_कस्टममध्ये 'सेट सुपरयूझर्स="घरधनी"' आणि 'पासवर्ड_पीबीकेडीएफ२ घरधनी …' अशी टाकायची (घरधनीच्या जागी रोमनमध्ये काहीही नाव). एवढंच करून थांबलात तर साधं बूट करायलासुद्धा पासवर्ड मागेल, म्हणून रोजच्या मेनूएन्ट्रीला --अनरिस्ट्रिक्टेड लावायचं, मग बूट सगळ्यांना, एडिट फक्त तुम्हाला.

डिसेंबर २०१५ मध्ये गंमतच झाली होती, ग्रबने यूझरनेम विचारलं की बॅकस्पेस २८ वेळा दाबायचा आणि रेस्क्यू शेल उघडायचं, पासवर्ड वगैरे काही नाही. ते केव्हाच बुजवलंय. पण पोरगं लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन आलं तर ग्रबचा पासवर्ड त्याला अडवू शकत नाही, त्यासाठी फर्मवेअरलाच पासवर्ड लावून यूएसबी बूट बंद करायचं, आणि आत काही खरंच जपण्यासारखं असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करायची.